सप्रेसर कधी लावायचा, कधी काढायचा, तर रायफलला गॅसचा स्क्रू हवाच का?

ह्यूस्टनकर

टेक्सासात राहतो, एआर-१५ रायफल आहे, शनिवारी रेंजवर जातो. १९३४ पासून सप्रेसरवर, म्हणजे नळीच्या टोकाला लावून आवाज कमी करणाऱ्या नळकांड्यावर, असलेला दोनशे डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला. अर्ज आणि बोटांचे ठसे अजून आहेतच, पण रेंजवर बघावं तर ज्याच्या त्याच्या नळीला डबा. (इथे सगळे त्याला डबाच म्हणतात, मीही तेच म्हणणार.) डबा घेतला की दुसऱ्या दिवशी कोणीतरी सल्ला देतो, 'आता अॅडजस्टेबल गॅस ब्लॉक टाक.' (म्हणजे मागे जाणारा वायू स्क्रूने कमी-जास्त करता येणारा भाग.) मीही टाकला होता. गेल्या महिन्यात काढला. माझं मत असं की बहुतेकांना त्याची गरज नसते.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. गोळी नळीतून पुढे जात असताना नळीच्या एका बारीक छिद्रातून थोडा वायू मागे वळवतात. त्याच जोरावर बोल्ट मागे जातो, पुंगळी बाहेर फेकली जाते, नवं काडतूस आत येतं. डबा लावला की वायूला पुढून चटकन सुटता येत नाही, नळीतला दाब जास्त वेळ टिकतो आणि मागे जरुरीपेक्षा जास्त वायू जातो. बोल्ट लवकर उघडतो. पुंगळी अजून चेंबरला फुगून चिकटलेली असते आणि एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी ओढणारा आकडा, तिची कड ओढायला लागतो. वर चार्जिंग हँडलच्या फटीतून सगळा धूर नेमबाजाच्या डोळ्यांत. डावखुऱ्यांचे तर फारच हाल.

स्क्रूवाला ब्लॉक छिद्रातून जाणारा वायू अडवतो. ऐकायला छान. पण मुळात आजार वेगळा आहे. कंपन्या छिद्रच मोठं पाडतात, कारण गिऱ्हाईक स्वस्तातली मवाळ काडतुसं घालणार आणि रायफल अडली की परत पाठवणार. छिद्र बेताचं असलेली नळी घ्या, साध्या ८५ ग्रॅमच्या बफरऐवजी (बोल्टच्या मागचं वजन) सुमारे १३० ग्रॅमचा एच-२ टाका, म्हणजे डब्यासकट आणि डब्याशिवाय दोन्ही चालतं. माझ्या ब्लॉकचा स्क्रू चारेकशे फैरींत काजळीने असा बसला की पाना फिरेना. त्याआधी एकदा डबा काढला, स्क्रू उघडायचा विसरलो, आणि अख्खी सकाळ एकेक गोळी हाताने कॉक करत मारली.

निवृत्त_हवालदार (सातारा)

असहमत. मी १९८४ साली भरती झालो तेव्हा हातात इशापूरची ७.६२ एसएलआर रायफल आली. डबा आम्ही डोळ्यांनी बघितला नाही, पण गॅस रेग्युलेटर रोज बघितला. उस्तादांनी पहिल्या महिन्यात शिकवलेलं अजून तोंडपाठ आहे. रिंग पूर्ण उघडायची, म्हणजे सगळा वायू बाहेर. मॅगझिनमध्ये एकच राउंड भरून फायर करायचा. बोल्ट मागे अडकून राहिला नाही, तर रिंग एक घर बंद करायची आणि पुन्हा एक राउंड. असं करत करत ज्या घरावर बोल्ट मागे थांबतो, तिथून आणखी दोन घरं बंद. झालं सेटिंग. पुढे धूळ, चिखल, थंडी यांनी रायफल सुस्त पडली आणि गॅस स्टॉपेज आलं, तर आणखी दोन घरं बंद करून फायर चालू.

हे काम दहावी नापास पोरं अंधारात बोटांनी करायची. तुम्ही इंजिनिअर मंडळी एक स्क्रू विसरता, यात ब्लॉकचा काय दोष? कारखान्यात बसलेल्या माणसाला राजस्थानची वाळू माहीत नसते आणि बर्फही. छिद्र त्याने ठरवलं, पण रायफल चालवायची आम्ही.

ह्यूस्टनकर

काका, तुमचा मुद्दा मान्य, पण तुमच्या उदाहरणाने माझीच बाजू भक्कम होते. एसएलआरच्या रिंगला घरं आहेत, आकडे आहेत, ती बोटाने फिरते, बाहेरून दिसते. आणि ती वायू अडवत नाही, जास्तीचा बाहेर सोडून देते. आमच्याकडचे बहुतेक ब्लॉक म्हणजे हँडगार्डखाली (नळीवरच्या आवरणाखाली) दडलेला इवलासा स्क्रू, वरून लांब पाना घालायचा, आणि किती फिरवला ते मनात मोजायचं. अलीकडे एक-दोन कंपन्या 'ब्लीड-ऑफ' म्हणून वायू बाहेर सोडणारे ब्लॉक विकतात. ती कल्पना तुमच्या एसएलआरच्या आईच्या, म्हणजे बेल्जियमच्या फाल रायफलीच्या, पोटातली आहे.

एडिसनवासी

आमच्या न्यू जर्सीत डबाच बेकायदा. तुम्ही भांडा, मी चहा ठेवतो.

काळी_पुंगळी

धागाकर्त्याचं गणित एका काडतुसावर उभं आहे. ५.५६ ची काडतुसं घ्या, नेहमी तीच घ्या, मग ठरलेलं छिद्र चालतं. माझ्याकडे .३०० ब्लॅकआउट काडतुसाची रायफल आहे. त्यात चार अवस्था: वेगवान गोळी डब्यासह, वेगवान डब्याशिवाय, आवाजाच्या वेगाखालची जड गोळी डब्यासह, आणि तीच डब्याशिवाय. शेवटच्या अवस्थेत बोल्ट मागे ढकलायला वायू जेमतेम पुरतो, पहिलीत बदाबदा येतो. या चारही ठिकाणी चालेल असं एकच छिद्र काढून दाखवा. शेवटचीला पुरेल एवढं मोठं पाडलं की पहिलीत रायफल स्वतःलाच बडवते.

आणि इतिहास विसरू नका. साठच्या दशकात अमेरिकी एम-१६ रायफलीच्या काडतुसांतल्या दारूचा प्रकार बदलला, फैरींचा वेग वाढला आणि व्हिएतनाममध्ये रायफली अडायला लागल्या. कारणं बरीच होती, क्रोम नसलेले चेंबर, साफसफाईचं सामान नसणं. पण ठरलेलं छिद्र म्हणजे एका दारूशी केलेला करार, आणि तो करार दुसऱ्याच कोणीतरी मोडला, हे खरंच ना?

ह्यूस्टनकर

ब्लॅकआउटबद्दल गप्प बसतो, तिथे तुझं बरोबर. एम-१६ बद्दल नाही. तिथे इलाज काय केला? बफर बदलला. जड बफर टाकून वेग खाली आणला. स्क्रू नाही टाकला कोणी.

काळी_पुंगळी

आणि जर्मन रायफल एचके-४१६? सुरुवातीला रेग्युलेटर नव्हता. नंतरच्या ए-५ मॉडेलमध्ये आला, तोही डब्यासाठी, तोही हत्याराशिवाय फिरणारा. जर्मन माणूस हौसेने सुटा भाग वाढवत नाही.

बाय द वे, डबा तापलेला असताना तू तो काढत नाहीस ना? गार व्हायची वाट बघतोसच. मग त्या दहा मिनिटांत स्क्रू फिरवायला वेळ नाही म्हणणं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं.

पुण्याचा_पाहुणा

अवांतर: भारतात नागरिकाला सप्रेसर मिळत नाही, सेमी-ऑटोमॅटिक रायफलही सहसा नाही. मग हा धागा मराठीत कशाला?

निवृत्त_हवालदार (सातारा)

कशाला म्हणजे? पाषाणला एआरडीई आहे ना, शस्त्रं आखणारी सरकारी संस्था. आपल्या फौजेची इन्सास रायफल तिथेच आखली. एके सारखी अॅक्शन, पण गॅस रेग्युलेटर मात्र फालच्या वळणाचा ठेवला, ग्रेनेड मारताना गॅस बंद करायची सोयसुद्धा. पुण्यात राहून हे माहीत नसेल तर धागा मराठीतच हवा.

रशियाची ड्रॅगुनोव्ह स्नायपर रायफलही बघा. तिच्या रेग्युलेटरला दोनच जागा, आणि फिरवायला काडतुसाची कड चालते. वेगळा पाना शोधत बसायला नको.

नळी_मोठी_का_लहान

तुम्ही सगळे नळीच्या मागच्या टोकाला भांडताय, रोग पुढच्या टोकाला आहे. वायू मागे येतो कारण डब्याच्या आतले पडदे त्याला अडवतात. आता वायूला वळसा देऊन पुढूनच बाहेर काढणारे डबे मिळतात, ज्यांना फ्लो-थ्रू म्हणतात. २०२२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी फौजेने नव्या ६.८ मिलिमीटर रायफलीचं कंत्राट सिग कंपनीला दिलं, तिच्यासोबत डबा येतोच आणि तो मागे धूर कमी येईल असा घडवलेला आहे. बफरही नको, स्क्रूही नको. मी तसा डबा घेतला, ब्लॉक विकून टाकला.

ह्यूस्टनकर

सहमत म्हणणार होतो, पण एक अडचण. त्याच सिग कुटुंबातल्या रायफलींना गॅसची दोन जागांची खिट्टीही आहे. म्हणजे ज्यांनी डबा नीट केला त्यांनीही खिट्टी ठेवलीच. आणि तुझा डबा कानाला कसा लागतो? फ्लो-थ्रूमध्ये पुढून आवाज थोडा जास्त वाटतो असं माझं मत, चूक असेल तर सांग.

नळी_मोठी_का_लहान

पुढून थोडा जास्त, पण नेमबाजाच्या कानाशी कमी. कारण कानाशी येणारा बराच आवाज मागच्या फटीतूनच यायचा. डोळ्यांत धूर येत नाही हे तर आहेच. कानात बोळे मात्र दोन्हीकडे घाला. ५.५६ मोकळी मारली तर १६५ डेसिबलच्या आसपास, डब्याने १३० ते १४०, तेही काही गाणं नाही.

काळी_पुंगळी

आणि झिजेचं काय? वापराने छिद्राच्या कडा झिजतात, छिद्र मोठं होत जातं. आज बेताचं वाटणारं छिद्र काही हजार फैरींनंतर बेताचं राहत नाही. तेव्हा ठरलेलं छिद्रवाले नळी बदलणार, मी स्क्रू अर्धा फेरा आत घेणार.

ह्यूस्टनकर

हा मुद्दा मी धाग्यात लिहायला हवा होता, माझ्याविरुद्ध असला तरी. ठीक आहे, मी थोडा सरकतो. हँडगार्डखालच्या अदृश्य स्क्रूला माझा विरोध कायम. घरं असलेली, बाहेरून दिसणारी, बोटाने फिरणारी खिट्टी असेल आणि रायफल खरोखर अर्धा वेळ डब्यासह, अर्धा वेळ डब्याशिवाय वापरणार असाल, तर पैसे घाला. फक्त डब्यासहच वापरणार असाल तर छिद्र लहान असलेली नळी आणि बफर. माझ्या ५.५६ वर काही टाकणार नाही.

निवृत्त_हवालदार (सातारा)

एवढं सरकलात तेही बरं. आता एक सांगा, तो काजळीने बसलेला स्क्रू शेवटी निघाला कसा?

ह्यूस्टनकर

निघाला नाही, काका. ब्लॉक अख्खाच काढून दोन दिवस तेलात बुडवून ठेवला. स्क्रू अजून आतच आहे, टेबलावर पडलाय. हवा असेल तर पाठवतो.

निवृत्त_हवालदार (सातारा)

पाठवू नका, कस्टमवाले धरतील मला. दर फायरिंगनंतर रेग्युलेटर उघडून साफ करायची शिस्त आम्हाला होती. ती शिस्त कुठल्या डब्यासोबत येत नाही.