निर्वासितांच्या वसाहतींभोवतीचे जंगल कोणी राखायचे?

समाजकार्याची विद्यार्थिनी, नाशिक

नमस्कार. मी निर्वासितांच्या वसाहती आणि त्यांच्याभोवतीचे जंगल या विषयावर प्रबंध लिहीत आहे. माझे गाव सुरगाणा तालुक्यात असून आई आणि मावशी अजूनही डोक्यावर मोळी आणतात, त्यामुळे चुलीला लाकूड मिळवणे म्हणजे काय, हे मी लहानपणापासून पाहिले आहे.

ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांत म्यानमारमधून ७ लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशातील कॉक्स बाजार जिल्ह्यात आले आणि त्यांची वसाहत जिथे उभी राहिली त्या कुतुपालोंगच्या टेकड्या उघड्या पडल्या. २०१८ पासून घरोघरी गॅस सिलिंडर मिळू लागल्यावर तोड पुष्कळ घटली. त्यामुळे गॅस हेच उत्तर, असे माझे मार्गदर्शक म्हणतात. मला ते अपुरे वाटते, कारण सिलिंडर मदतनिधीतून येतो आणि निधी आटला की त्याच बायका पुन्हा रानाची वाट धरतील. मग जंगल राखण्याचे काम वनखात्याचे, आसपासच्या गावांचे, की निर्वासितांचे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

मदतकार्यातील माजी कार्यकर्ता, सिडको

ताई, २०१८ चा पावसाळा मी कुतुपालोंगमध्ये काढला, म्हणून दोन गोष्टी आग्रहाने सांगतो. पहिली अशी की जंगलावरचा पहिला घाव चुलीसाठी पडलेला नव्हता. इतक्या माणसांना काही आठवड्यांत निवारा हवा होता. त्यासाठी टेकड्या सपाट केल्या गेल्या, बांबू आणि डांब लागले. सरपणाची मागणी त्यानंतरची, पण ती रोजची. झाडे संपल्यावर लोकांनी खोडे आणि मुळेही खणून काढली, आणि मुळे गेल्यावर पावसात माती घसरू लागली. पुढे त्या उतारांवर आपला वाळा लावण्यात आला, कारण त्याची मुळे खोल जाऊन माती धरून ठेवतात.

दुसरी गोष्ट हत्तींची. वस्ती हत्तींच्या जुन्या वाटेवरच उभी राहिली आणि सुरुवातीच्या महिन्यांत माणसे दगावली. नंतर मचाणे बांधली गेली आणि रोहिंग्या स्वयंसेवकांचीच पथके रात्री पहारा देऊ लागली. ज्यांना जंगलाचे शत्रू ठरवले जात होते, तेच लोक हत्ती दिसताच वस्तीला सावध करून त्याला शांतपणे माघारी वळवत होते. तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला तिथे दिसले.

गॅसला मात्र कमी लेखू नका. तो आल्यामुळे टेकड्यांना पुन्हा हिरवे होण्यास अवधी मिळाला, आणि तो आसपासच्या स्थानिक कुटुंबांपैकीही अनेकांना दिला गेला, हे फार महत्त्वाचे होते.

निवृत्त वनकर्मचारी, पेठ

वरील मुळांचा मुद्दा मी माझ्या अनुभवाने पुढे नेतो. स्वयंपाकाला माणशी रोज एक किलो लाकूड धरले, तरी एक लाख वस्तीला दिवसाला शंभर टन लागते. एवढे लाकूड वाळक्या फांद्यांतून निघत नाही, म्हणून कुऱ्हाडबंदीचा फलक लावून काहीही साधत नाही. पण तोडणे आणि खणणे यांत मोठा फरक आहे. साग किंवा ऐन जमिनीलगत नीट तोडला तर बुंध्याला फुटवे येतात आणि त्यांतले एक-दोन जोमदार राखले की काही वर्षांत पुन्हा कामाचे लाकूड मिळते. आमच्याकडे भात-नागलीच्या राबासाठी, म्हणजे रोपे टाकण्याआधी जमीन भाजण्यासाठी, ऐनाच्या फांद्या पिढ्यान्‌पिढ्या छाटल्या जातात, तरी ती झाडे उभी आहेत, कारण कोणते झाड कोणाचे आणि ते कितपत छाटायचे, हे गावाला ठाऊक असते.

म्हणून वसाहत उभी करण्याच्या पहिल्याच आठवड्यात तीन कामे व्हावीत, असे माझे मत आहे. राखायच्या झाडांवर खुणा कराव्यात (युगांडातील वसाहतींत झाडांवर रंगाचे पट्टे मारून हे केले गेले आहे), बुंधे खणण्यास सक्त मनाई असावी, आणि सरपणासाठी वेगळे क्षेत्र ठरवून त्याची पाळीपाळीने तोड व्हावी. रोपे लावण्याचे समारंभ त्यानंतर. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी आणि राखण नसेल, तर रोप जगत नाही.

कायद्याची अध्यापिका, नाशिकरोड

काकांशी मी सहमत आहे, परंतु त्यांच्या वाक्यातील ‘कोणते झाड कोणाचे’ हाच खरा पेच आहे. राबाचे झाड टिकते, कारण छाटणाऱ्याला पुढच्या वर्षीही तिथेच राहायचे असते. निर्वासिताला मात्र तू तात्पुरता आहेस असे सांगितले जाते, आणि प्रत्यक्षात ते तात्पुरतेपण दशकानुदशके चालते. केनियातील दादाब ही निर्वासितांची वसाहत १९९१ पासून आहे. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळची तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. ज्याला उद्याची खात्री नाही, त्याने वीस वर्षांनी मोठे होणारे झाड का जपावे?

युगांडात २००६ च्या कायद्याने निर्वासितांना काम करण्याचा हक्क आहे आणि वसाहतीत कुटुंबाला जमिनीचा तुकडा कसायला मिळतो, त्यामुळे बांधावर झाड लावण्यात त्यांचे स्वतःचे हित असते. आपल्याकडे त्याच वर्षीच्या वनहक्क कायद्याने गावांना सामूहिक वनहक्क दिला, आणि गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये तो मिळवून बांबूचे व्यवस्थापन स्वतःकडे घेतले. निर्वासितांना मालकी द्यावी, असे मी म्हणत नाही. यजमान गावांचा हक्क आधीचा आहे आणि तो डावलला तर वैर वाढते. पण यजमान गाव आणि वसाहत यांची संयुक्त समिती, तिच्याकडे ठरलेले क्षेत्र आणि उत्पन्नातला लेखी वाटा, एवढे तरी नक्की शक्य आहे.

आणखी एक गोष्ट प्रबंधात अवश्य यावी. दादाबमध्ये सरपणासाठी दूर गेलेल्या स्त्रियांवर अत्याचार झाले, म्हणून लाकूड वाटण्यात आले. परंतु ते गरजेच्या काही भागालाच पुरले आणि स्त्रियांना रानात जावेच लागले. समितीत स्त्रिया नसतील, तर क्षेत्र किती अंतरावर असावे हे चुकीचेच ठरेल.

समाजकार्याची विद्यार्थिनी, नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. काल आईला फोन करून विचारले, तर ती म्हणाली की आमच्या पाड्यावरही सिलिंडर आहे, पण भरून आणायला पैसे नसले की तो कोपऱ्यात पडून राहतो आणि मोळी सुरू होते. काका, पाळीपाळीने तोड करायची असेल, तर क्षेत्राचे किती भाग पाडावेत?

निवृत्त वनकर्मचारी, पेठ

जेवढ्या वर्षांत फुटवा चुलीच्या जाडीचा होतो, तेवढे भाग. दरवर्षी एकच भाग तोडायचा आणि तोडलेल्या भागात दोन वर्षे तरी गुरे सोडायची नाहीत. ती वर्षे किती, ते झाडाच्या जातीवर आणि पावसावर अवलंबून असते. त्यासाठी तुमच्या आईला विचारा, की मोळीत बांधण्याजोगा फुटवा त्यांच्या रानात किती पावसाळ्यांनी मिळतो.