घर्षण आलं तरी एनर्जीचा हिशोब लागतोच
कोणीतरी म्हटलंय की फिजिक्सच्या गणितात घर्षण आलं की एनर्जी कॉन्झर्वेशन (एकूण ऊर्जा कायम राहते हा नियम) विसरा. तसं नाहीये हो, एनर्जी कुठे जात नाही, तिची उष्णता होते, ती हिशोबात धरायची एवढंच. समजा नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर गाडी ६० च्या स्पीडला आहे, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, करकचून ब्रेक मारला आणि चाकं लॉक होऊन गाडी घसरत गेली, तर गाडीची गतीची एनर्जी सगळी घर्षणात जाते, म्हणजे अर्धा एम व्ही स्क्वेअर = म्यू एम जी डी (एम वस्तुमान, व्ही वेग, म्यू घर्षण गुणांक, जी गुरुत्वत्वरण, डी घसरलेलं अंतर), एम दोन्हीकडून कटतो. म्यू ०.७ धरलात तर २० मीटर, पावसात ०.४ धरलात तर ३५! ठाण्याच्या येऊरसारखा उतार असेल तर मात्र एम जी ला कॉस थीटाने (थीटा म्हणजे उताराचा कोन) गुणायचं आणि डाव्या बाजूला उंचीची पोटेन्शियल एनर्जीपण मिळवायची, क्लासमधली माझी मुलं नेमकी इथेच चुकतात.