दहावीच्या पेपरला मध्येच टॉयलेटला जाण्याची परवानगी – मदत हवी आहे

मुलगी दहावीत, कुडाळजवळ राहतो. तिला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण होण्याचा आजार) आहे (कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीत निदान झालंय, मेसालामाइन आणि अझाथायोप्रिन ही औषधं चालू). आजार उसळला की एका पेपरात दोन-तीनदा उठावं लागतं, तेही तातडीने. तीन तासांच्या पेपरात त्यातच बराच वेळ जातो.

केंद्र दुसऱ्या गावच्या शाळेत आहे. स्वच्छतागृह मैदानापलीकडे, वर बाहेरून कडी घातलेली.

मुख्याध्यापकांना भेटलो. माणूस भला, पण म्हणाले केंद्रसंचालक ठरवतील. केंद्रावर विचारलं तर दिव्यांग प्रमाणपत्र मागितलं. ते मिळणार कसं? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत हा आजारच नाही. कोल्हापूरच्या पोटाच्या डॉक्टरांचं पत्र आहे, ते खाजगी म्हणून बाजूला ठेवलं.

लेखनिक नको, सोपा पेपर नको. दाराजवळची जागा, विचारल्याबरोबर जाऊ देणं आणि गेलेला वेळ भरून मिळणं एवढंच हवंय. सोबत महिला पर्यवेक्षक आल्या तर उत्तमच. (डायपरचा सल्ला कृपया देऊ नका, पंधरा वर्षांच्या मुलीला ते सांगवत नाही. सोलकढी-ताकाचे उपायही नकोत, औषधं डॉक्टर बघतायत.)

रत्नागिरीच्या कोकण विभागीय मंडळाकडून कोणी अशी लेखी परवानगी आणली आहे का? अर्ज शाळेमार्फतच करावा लागतो की पालक थेट देऊ शकतात, आणि जिल्हा शल्यचिकित्सकांचं पत्र लागतं की तज्ज्ञ डॉक्टरांचं चालतं?