'वॉटर स्प्लिटिंग'ला मराठीत काय म्हणाल?

माजघर :
एका विज्ञान मासिकासाठी लेख करतेय, ऊन आणि फोटोकॅटॅलिस्ट वापरून पाण्यातून हायड्रोजन काढण्यावर. मी सरळ लिहिलं होतं, "उन्हात पाणी फोडणारी पावडर". संपादकांनी त्यावर काट मारून सुचवलंय "सौरप्रकाशोत्प्रेरकीय जलविघटन". एका दमात वाचून दाखवा कोणीतरी. त्यांचं म्हणणं, नारळ फोडतात, डोकं फोडतात, पाणी फोडतात असं मराठीत कोणी म्हणत नाही. खरंच म्हणत नाही का? आणि फोटोकॅटॅलिस्टला तुम्ही काय लिहिता?

पाटकरी :
म्हणतात की! आमच्या सांगली भागात पाणी फोडणं म्हणजे पाळी दुसऱ्याची असताना रात्री जाऊन पाटाची कड कुदळीनं उकरायची आणि पाणी आपल्या उसात घ्यायचं. सकाळी बांधावर शिव्या, फारच झालं तर पोलीस पाटील. तुम्ही 'उन्हानं पाणी फोडलं' असं छापलंत तर आमच्याकडचा माणूस पहिलं विचारणार, कुणाच्या पाळीचं?
(बारं मोडणं वेगळं हं, ते आपलंच पाणी एका सरीतून दुसरीत घेणं.)

शुद्धमती :
'जलविघटन' मध्ये अवघड काय आहे तेच कळलं नाही. सहा अक्षरं. आणि प्रकाश + उत्प्रेरक = प्रकाशोत्प्रेरक, साधा गुणसंधी आहे, सूर्योदय म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. लोक ब्लॉकचेन आणि क्रिप्टोकरन्सी बिनचूक म्हणतात, मराठी शब्द आला की लगेच दम लागतो.

बेन्झीनवलय :
विघटन नको ताई. विघटन म्हटलं की कचरा आठवतो, जैवविघटन वगैरे. शाळेच्या पुस्तकात अपघटन आहे, विद्युत अपघटन सगळ्यांनी केलेलं असतं, दोन परीक्षानळ्या उलट्या धरून, एकीत दुप्पट वायू. पण माझा खरा आक्षेप 'उत्प्रेरक' ला आहे. मी याच विषयात पीएचडी करतोय म्हणून जरा लांबण लावतो, सहन करा. शाळेतली व्याख्या काय, अभिक्रियेचा वेग वाढवतो आणि स्वतः बदलत नाही. आता पाणी आपणहून फुटतच नाही, तर वेग कसला वाढवणार? एक मोल पाण्यामागे २३७ किलोज्यूल बाहेरून घालावे लागतात, ते उन्हातून येतात. म्हणजे ही चढावरची अभिक्रिया आहे, म्हणून काही केमिस्ट इंग्रजीतसुद्धा भांडतात की याला कॅटॅलिसिस म्हणूच नका, हे प्रकाशसंश्लेषणाच्या घराण्यातलं आहे. होतं असं की अर्धवाहकाचा (सेमीकंडक्टरचा) बारीक कण पाण्यात तरंगत असतो, त्याच्यावर पुरेशा ऊर्जेचा फोटॉन पडला की इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात जातो आणि खाली त्याची रिकामी जागा राहते, इलेक्ट्रॉन हायड्रोजन आयनाला मिळाला की हायड्रोजन, आणि ती रिकामी जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढते तेव्हा ऑक्सिजन. बहुतेक वेळा मात्र दोघं मध्येच एकमेकांना भेटतात आणि सगळं मुसळ केरात, नुसती उष्णता. ते भेटू नयेत म्हणून कणाच्या एका अंगाला रोडियम-क्रोमियम आणि दुसऱ्या अंगाला कोबाल्टचे ठिपके बसवतात.

माजघर :
हे मस्त सांगितलंत. हे असंच लेखात टाकलं तर चालेल? त्या रिकाम्या जागेला काय म्हणू, होल की विवर?

चावडी :
भोक म्हणा 😀

शुद्धमती :
विवर. कृष्णविवर चालतं ना?

निवृत्त_मास्तर :
आमच्या वेळी हायड्रोजनलाच 'उज्ज' म्हणत, उज्जवायू. आता कुणाला सांगितलं तर उज्ज्वल मधलं ल राहिलं म्हणतील. किती सुटसुटीत शब्द होता, सरकारनं घालवला.

चावडी :
उज्ज म्हणजे उत् + ज ना सर? वर जाणारा. हायड्रोजन सगळ्यात हलका, फुग्यात भरला की वर जातो. आपल्या लोकांनी बरोबर गुणधर्म पकडला होता.

निवृत्त_मास्तर :
नाही हो. उद म्हणजे पाणी, उदक मधलं. उद् + ज = उज्ज. फ्रेंचांनी १७८७ मध्ये हायड्रोजन हे नाव पाडलं त्याचंच भाषांतर.

बेन्झीनवलय :
मास्तर, मग भाषांतर उलटं झालंय की. फ्रेंच नावाचा अर्थ पाण्याला जन्म देणारा, कारण तो जळला की पाणी होतं. आपल्याकडे जलज म्हणजे पाण्यात जन्मलेलं, कमळ. म्हणजे उज्ज हा पाण्याचा मुलगा आणि हायड्रोजन पाण्याचा बाप! अर्थात माजघरताईंच्या लेखात तो पाण्यातूनच निघतोय, तेवढ्यापुरतं उज्ज जास्त बरोबर आहे.

निवृत्त_मास्तर :
मुद्दा बरा आहे. तरी मी उज्जच म्हणणार.

पाटकरी :
उज्ज सरकारनं घालवला म्हणता, पण मग नत्र कसा राहिला? कुठल्याही खताच्या दुकानात जा, नत्र, स्फुरद, पालाश. नायट्रोजन-फॉस्फरस-पोटॅश म्हणणारा शेतकरी मला अजून दाखवायचाय. माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्ब असतो, दहावी नापास माणूस कर्ब ०.४ आलाय म्हणून काळजी करतो. शब्द शुद्ध आहे का अशुद्ध यानं काही होत नाही, कुणाला रोज लागतो का ते बघा. उज्ज शेताला टाकता येत नाही म्हणून मेला.

शुद्धमती :
नेमकं हेच मी म्हणतेय! कृषी खात्यानं धरून ठेवले म्हणून ते रुळले. मासिकांनी धरून ठेवलं तर प्रकाशोत्प्रेरकही रुळेल. आपणच सुरुवातीला 'पावडर' लिहिलं तर रुळणार कसं?

पाटकरी :
नत्र दोन अक्षरी आहे बाई. प्रकाशोत्प्रेरक गोणीवर मावत नाही.

दादरकर_टोरांटो :
मी रंगाच्या कंपनीत काम करतो. ज्या टायटॅनियम डायऑक्साइडवर फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये पाणी फोडून दाखवलं (हो, फोडूनच) तोच आमच्या पांढऱ्या रंगात असतो. बाहेरच्या जुन्या पांढऱ्या भिंतीला हात लावला की तळव्याला पूड लागते बघा, तो त्याचाच प्रताप, उन्हात तो भोवतालचा बाइंडर, म्हणजे रंगाला धरून ठेवणारा चिकट भाग, खातो. म्हणून रंगासाठी त्याच्या कणांवर सिलिका-ॲल्युमिनाचं कवच चढवतात, म्हणजे फोटोकॅटॅलिस्टनं काम करू नये यासाठी आम्हाला पगार मिळतो. आमच्याकडे त्या पूड सुटण्याला चॉकिंग म्हणतात, मराठीत काय?

चावडी :
भिंत पांढरं सोडते.

माजघर :
दादरकर, हे लेखात घेऊ का? आणि प्लीज कोणीतरी शीर्षकाचं सांगा, मला शुक्रवारी द्यायचंय.

बेन्झीनवलय :
घ्या, पण एक लिहाच की टायटॅनियम डायऑक्साइडला फक्त अतिनील किरण चालतात आणि ते उन्हात जेमतेम ४-५ टक्के. टोकियो विद्यापीठाच्या गटानं १०० चौरस मीटरचे पॅनल उघड्यावर मांडले होते, २०२१ मध्ये निकाल छापला, त्यात स्ट्रॉन्शियम टायटॅनेट होतं पण अडचण तीच, उन्हाच्या ऊर्जेपैकी हायड्रोजनमध्ये उतरली जास्तीत जास्त ०.७६ टक्के. सोलर पॅनलला इलेक्ट्रोलायझर (विजेनं पाणी फोडणारं यंत्र) जोडला तर १० टक्क्यांच्या वर सहज जाता येतं. शिवाय पावडरीतून हायड्रोजन-ऑक्सिजन एकत्र बाहेर पडतात, तो स्फोटक माल, पडद्यातून गाळून वेगळा करावा लागतो. नाहीतर लोकांना वाटतं बादलीत पावडर टाकली की गाडी चालू.

चावडी :
ही पावडर म्हणजे तोच ग्रीन हायड्रोजन ना ज्याचं सरकारी मिशन निघालंय, १९,७४४ कोटींचं? त्याला हरित म्हणायचं का हिरवा? माझ्या आत्याला वाटलं गॅस हिरव्या रंगाचा असतो.

बेन्झीनवलय :
मिशनचा भर मुख्यतः इलेक्ट्रोलायझरवर आहे. आणि वायूला रंगच नाही. हरित.

पाटकरी :
१ किलो हायड्रोजनला ९ लिटर पाणी लागतं, ते कुठल्या धरणातून घेणार ते आधी विचारा, रंगाचं नंतर बघू.

निवृत्त_मास्तर :
आपण एक विसरतोय. मराठीत जळ म्हणजे पाणी आणि जळण म्हणजे सरपण. मूळ एकच असणार. पुराणातला वडवानल समुद्राच्या पोटातच पेटलेला असतो. तेव्हा "जळातून जळण" असं शीर्षक द्या, विषय संपला.

शुद्धमती :
मास्तर, शीर्षक गोड आहे पण व्युत्पत्ती नाही. जळणे हे ज्वल् पासून, प्राकृतात व गळाला. जळ हे जल पासून. दोन वेगळ्या घरची माणसं, मराठीत येऊन सारखी दिसायला लागली.

चावडी :
शुद्धमतींना गोड वाटलं!! नोंद घ्या.

वऱ्हाडी_ठेचा :
सरपण काय नि जळण काय, आमच्याकडे आजी 'इंधन आणाले गेली' म्हणे, म्हणजे काड्या-तुराट्या. इंधन हा पेट्रोल पंपावरचा शब्द आहे हे मला पुण्यात आल्यावर कळलं.

पाटकरी :
आमच्यात जळाण. सरपण शब्द मी पुस्तकातच वाचला.

दादरकर_टोरांटो :
आजोळी कोकणात फाटी म्हणत. जळाऊ लाकडालाच फक्त, का झाडाच्या कुठल्याही फांदीला, हे विचारायचं राहून गेलं.

वऱ्हाडी_ठेचा :
फाटी तर आमच्याकडे पण आहे पण ती पऱ्हाटीची.

पाटकरी :
पऱ्हाटी म्हणजे कापसाचंच झाड ना? का उभी वाळलेली असली तरच पऱ्हाटी?