मदत हवी आहे: १२ वर्षांच्या भाचीला तिच्या एचआयव्हीबद्दल कसं सांगू?

नमस्कार. जरा मोठं लिहिलंय, पण कृपया पूर्ण वाचा.

माझी भाची १२ वर्षांची आहे. बहीण गेल्यापासून ती माझ्याकडेच असते. तिला जन्मापासून एचआयव्ही आहे. बहिणीची गरोदरपणात तपासणीच झाली नव्हती. पोर सारखी आजारी पडायला लागली तेव्हा आधी तिचं निदान झालं, मग आईचं. बहीण स्वतः अंथरुणावरून उठून तिला औषधं सुरू करायला घेऊन गेली होती. मुलगी वाचली, बहिणीला मात्र फार उशीर झाला होता.

आतापर्यंत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, दर वेळी 'सापडत नाही' असाच यायचा. या वेळी १००० च्या वर आलाय. रोज रात्री गोळी मी स्वतः तिच्या हातावर ठेवते, त्यामुळे मला काही उमगेना. मग तिची कंपासपेटी आवरताना वहीच्या कागदात गुंडाळलेल्या गोळ्या सापडल्या. काही अर्धवट विरघळलेल्या होत्या, म्हणजे तोंडात धरून नंतर बाहेर काढलेल्या.

मी रागावले नाही, शांतपणे विचारलं. ती म्हणाली, "मला काहीच होत नाही, मग रोज गोळी कशाला? आणि आईपण असल्याच गोळ्या घ्यायची ना?"

आम्ही तिला 'रक्तातल्या दोषाची गोळी' एवढंच सांगत आलोय. घरातले म्हणतात, अजून लहान आहे, कुठेतरी बोलून बसेल. मला वाटतं तिला अर्धंअधिक कळलेलंच आहे. माझी खरी अडचण पुढची आहे. नाव सांगितलं की 'मला कुठून आला?' हे ती विचारणारच. आईचा फोटो उशाशी घेऊन झोपते ती. तिच्या मनातल्या आईला धक्का न लावता हे कसं सांगायचं?

शाळेत सांगावं लागतं का? आता औषध बदलतील का? अशक्तपणामुळे नुकतीच आयर्नची गोळीही सुरू झालीय, तीही रात्रीच देते.

ज्यांनी घरात हे निभावलंय त्यांनी जरूर लिहा. औषध बंद करून दुसरं काही घ्या, असे सल्ले कृपया नकोत.

प्रतिसाद १

ताई, मी एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठी समुपदेशनाचं काम करते. सांगायची वेळ आलीय, आणि ती तुम्ही नाही, तुमच्या भाचीने ठरवलीय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच म्हणतात की शाळकरी वयात, ६ ते १२ च्या दरम्यान, मुलांना स्वतःच्या आजाराचं नाव कळायला हवं. एका बैठकीत सगळं उरकू नका. सुरुवात तिच्यापासून करा: "तुला काय वाटतं, ही गोळी कशासाठी असेल?" मुलं मनात बरंच काही रचून बसलेली असतात, ते आधी बाहेर येऊ द्या.

'मला काहीच होत नाही' याचं उत्तर तिला पटेल असं आहे. गोळीने विषाणू झोपून राहतो, गोळी थांबली की जागा होतो. तिचेच रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून दाखवा, मागचा आणि आत्ताचा. या वयाच्या मुलांना आकडे आवडतात.

आता आईबद्दल. गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून विषाणू बाळाकडे जाऊ शकतो. काहीच उपचार नसतील तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते. आईला वेळेत औषध मिळालं तर हेच प्रमाण ५ च्या खाली येतं. तुमच्या बहिणीची तपासणीच झाली नाही, तिला कळणार कुठून? हे जसंच्या तसं सांगा. आणि आजारी असताना ती लेकीला घेऊन गेली, हे तर अगदी नक्की सांगा. ते तिला माहीत आहे का?

शाळेत सांगायची गरज नाही. एकत्र खेळण्याने, डबा खाण्याने हा पसरत नाही. औषध सहसा लगेच बदलत नाहीत. गोळ्या नियमित करून साधारण ३ महिन्यांनी व्हायरल लोड पुन्हा बघतात. गोळीत डोल्युटेग्रॅव्हिर हे एचआयव्हीचं औषध असेल तर आयर्नचं डॉक्टरांना सांगाच. रिकाम्या पोटी दोन्ही एकत्र घेतल्या तर ते औषध अंगात नीट शोषलं जात नाही. आयर्नच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यावं, नाहीतर दोन्ही जेवणासोबत. कॅल्शियमलाही हेच लागू.

प्रतिसाद २

मावशी, मी तुमच्या भाचीसारखीच, जन्मापासून एचआयव्ही असलेली. मला कोणी सांगितलं नाही, दवाखान्याच्या फाइलवर वाचलं. आजाराचा राग गेला, पण घरातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि मलाच नव्हतं, हा राग फार काळ राहिला. म्हणून लवकर सांगा.

ती तोंडाने विचारणार नाही, पण 'माझं लग्न होईल का, मला मूल होईल का' हे तिच्या डोक्यात येणारच. मला मुलगा आहे. गरोदरपणात गोळ्या एकदाही चुकवल्या नाहीत, व्हायरल लोड सापडतच नव्हता. बाळाला ६ आठवडे नेव्हिरॅपिन या एचआयव्हीच्या औषधाचं सिरप दिलं. सहाव्या आठवड्यातली विषाणूची तपासणी निगेटिव्ह आली. साधी अँटिबॉडी टेस्ट (विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं शोधणारी) १८ महिन्यांपर्यंत भरवशाची नसते, कारण बाळाच्या रक्तात आईच्याच अँटिबॉडी असतात. १८ महिन्यांनंतर तीही केली, निगेटिव्ह. त्याला एचआयव्ही नाही. हे तिला माझ्याकडून सांगा.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. गोळीत डोल्युटेग्रॅव्हिरच आहे. आईच तिला घेऊन गेली होती हे तिला माहीत नाही, मीच कधी बोलले नव्हते. एक शेवटचं विचारते. समुपदेशकांना आधी एकटीने भेटू, की पहिल्यापासून तिला सोबत नेऊ?

प्रतिसाद १

आधी एकट्या जा, पण तिला सांगून जा: "तुझ्या गोळ्यांबद्दल बोलायला जातेय, पुढच्या वेळी आपण दोघी जाऊ." त्या कागदातल्या गोळ्याही घेऊन जा, म्हणजे किती चुकल्या याचा डॉक्टरांना अंदाज येईल. आणि तोपर्यंत रोजची गोळी तुमच्यासमोर, पाण्यासोबत गिळून घ्यायची.