समुद्रातलं मॅग्नेशियम जातं कुठं?

पाणीवाला_निपाणी:
मी सॉफ्टनर बसवतो. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम त्यातलं रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखे बारीक मणी, धरतं, बदल्यात सोडियम सोडतं. एवढंच माझं शास्त्र. परवा आईनं खडेमिठाची बरणी पुढ्यात आदळली, "पाऊस लागला की पाझर सुटतोय बघ ह्याला." तो पाझर बोटानं चाटला तर कडवट. मिठागरातल्या कडू पाण्याचा अंश, मॅग्नेशियम क्लोराइड. तेव्हापासून डोक्यात किडा. आपली वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा, सगळ्या खडक झिजवून मॅग्नेशियम समुद्राला नेऊन घालतात. कोट्यवधी वर्षं. मग समुद्र कडूजहर कसा झाला नाही?

दगडवाल्या_बाई (बेळगाव):
दादा, समुद्रालाही सॉफ्टनर आहे, तळाशी. तिथला खडक बेसाल्टच, तुमच्याकडं विहीर खणताना लागतो तसला काळा पाषाण. पाणी भेगांतून खाली मुरतं, तापतं, मॅग्नेशियम खडकात चिकणमातीसारखी खनिजं होऊन बसतं. त्या भरात पाणी आंबट होतं आणि खडकातलं कॅल्शियम, लोह, मँगनीज, लिथियम ओरबाडून वर येतं. 1979 साली मेक्सिकोजवळच्या समुद्रात अल्विन पाणबुडीनं असं काळं पाणी ओकणारी धुराडी पाहिली. तापमापकाचं प्लास्टिकच वितळलं! पाणी साडेतीनशे अंशांच्या वर. समुद्राच्या लिटरभर पाण्यात मॅग्नेशियम 1.3 ग्रॅम, ह्या पाण्यात जवळजवळ शून्य. सगळंच इथं जातं असं नाही, काही डोलोमाइट नावाच्या खडकामध्येही अडकतं.

खानापूरचा_बाळू:
साडेतीनशेला वाफ कशी होत नाही?

दगडवाल्या_बाई:
अडीच किलोमीटर खोल, अडीचशे पट दाब. कुकर आठव.

पाणीवाला_निपाणी:
बाई, दोन शंका. मॅग्नेशियम काढून कॅल्शियम घातलं तर पाणी जडच राहिलं की! आणि रेझिन भरलं की आम्ही मिठाच्या पाण्यानं धुतो, तिथं कोण धुतंय?

दगडवाल्या_बाई:
पहिली शंका पक्क्या धंदेवाल्याची. कॅल्शियम शंखशिंपले, पोवळी उचलतात, त्याचा पुढं चुनखडक होतो. आणि धुणं नाहीच, टाकीच नवी येते. अरबी समुद्रातल्या कार्ल्सबर्ग कटकासारख्या, म्हणजे तळावरच्या डोंगररांगेसारख्या ठिकाणी तळ फाटतो, ताजा लाव्हा वर येतो, जुना खडक वर्षाला दोन-चार सेंटिमीटर बाजूला सरकतो.

पाणीवाला_निपाणी:
दरवेळी नवी टाकी! आमचं गिऱ्हाईक रेझिन बदलायचं म्हटलं तरी तोंड वाकडं करतंय. आईला हे सगळं सांगितलं. म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे, आधी बरणीत चार तांदूळ टाक."