भावाच्या जाण्यानंतर याच कामात उतरायचंय, सांगलीत सुरुवात कुठून करू?

विट्याची_लेक:
भाऊ आत्महत्येने गेला, चौदा महिने झाले. आता मानसिक आरोग्याचं काम पूर्णवेळ करायचंय. बी.कॉम. आहे, नोकरी सांगलीत. कॉलेजांत बोलावं, संस्था काढावी की कोर्स करावा? पगार कुठून निघतो?

कृष्णाकाठ:
ताई, भाषणं सगळ्यांत शेवटी. आधी ज्यांच्या घरात असंच घडलंय त्यांचा गट बसवा. सहा ते आठ माणसं, गोलात खुर्च्या, दीड तास, पंधरवड्याला एक शनिवार. चारला सुरू, साडेपाचला बंद, म्हणजे तासगाव-विट्याकडची एसटी मिळते. चालवायला दोघं हवीतच. कोणी रडत उठून गेलं तर एकाने मागे जायचं, दुसऱ्याने बसलेल्यांना सांभाळायचं. एकटीने चालवलेला गट नेमका इथे विस्कटतो.

"कसं केलं" हे विचारायचं नाही, सांगायचंही नाही. समोर बसलेल्यांपैकी कुणाच्या मनात तसेच विचार असतील, तर तो तपशील धोक्याचा. "माझं काही चुकलं का?" याला मात्र हवा तेवढा वेळ द्या. "नाही हो" म्हणून पुढे गेलात तर तो माणूस परत येत नाही. घटनेला महिनाही झाला नसेल त्याला आधी एकट्याला भेटा. आणि भावाची तिथी न् राखीपौर्णिमा, या दोन आठवड्यांत गट दुसऱ्याकडे द्या.

एमएसडब्ल्यू_मिरज:
बी.कॉम.वरून एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करता येतं, दोन वर्षं. रुग्णालयं, संस्था, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम इथे पगारी कामं असतात, बरीचशी कंत्राटी. मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातली 'सायकियाट्रिक सोशल वर्कर' ही व्याख्या त्यापुढे दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. मागते. चार दिवसांच्या शिबिरावर समुपदेशनाची पाटी लावू नका, त्यात समोरच्याचं नुकसान होतं. संस्थेची घाई नको. सात सभासद, धर्मादाय कार्यालय, दरवर्षीचं ऑडिट, पदाधिकारी बदलले की फेरफार अर्ज. गटाला जायच्या संध्याकाळी यातच जातात. नोकरी तूर्त सोडू नका.

माणदेशी:
कॉलेजात भावाबद्दल बोलायची वेळ येईल तेव्हा तुमच्या आईवडिलांची संमती आधी. पद्धत, जागा, चिठ्ठीतला मजकूर सांगायचा नाही. "नापास झाला म्हणून" असं एकच कारण तर मुळीच नको, ऐकणाऱ्या नापास मुलाला तो रस्ता वाटतो. भाषण संपल्यावर तासभर थांबा. ज्याला खरंच बोलायचंय ते पोर सगळे गेल्यावर दाराशी घुटमळतं. त्याला सरळ विचारा, "मरावंसं वाटतंय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. "हो" म्हणालं तर एकटं सोडू नका. तिथेच बसून टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ लावा, मराठीत बोलता येतं, चोवीस तास चालू. मग घरच्यांना बोलवून सिव्हिलला मानसोपचार विभागात न्या. घरचे पोलिसांना घाबरतात. त्यांना २०१७ च्या त्याच मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगा: प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असं कायदा धरून चालतो, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम आहे. द्राक्षबागेच्या गावात एक गोष्ट आवर्जून सांगा, फवारणीची औषधं घरात नकोत, कुलपात हवीत आणि किल्ली दुसऱ्याकडे.

विट्याची_लेक:
शनिवार, चार वाजता. दुसरं माणूस कसं शोधू?

कृष्णाकाठ:
जिच्या घरात हे घडलेलं नाही अशी कुणी बघा. निवृत्त नर्स किंवा शिक्षिका, शांत बसून ऐकणारी. पहिले तीन शनिवार तिने नुसतं बसावं.